दर रविवारी मंद होणारं मशीन

मी साताऱ्यात नोकरी करतो आणि घर सांगलीत आहे. एका संस्थेच्या हिशेबतपासणीचं काम माझ्याकडे आहे. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचं, साताऱ्यात एका खोलीत आठवडा काढायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, असं गेली काही वर्षं चाललं आहे. हे आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोंधळात मी घरी कधी असतो आणि कधी नसतो याला फार महत्त्व आलं.

माझी बायको घरी लग्नपत्रिका तयार करते. छापायचं काम छापखान्याचं. मजकूर टाइप करणं, मांडणी करणं, प्रूफ दाखवणं आणि गिऱ्हाइकाने सांगितलेल्या दुरुस्त्या करून फाइल पाठवणं हे तिचं. आमच्या भागातल्या पत्रिका म्हणजे साधं काम नाही. अख्खी भावकी त्यात बसवावी लागते. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोण निमंत्रक, कोण नुसता प्रेषक, यावरून घरं वर्षभर अबोला धरतात. शिवाय आसपासच्या प्रत्येक गावात फौजेतली माणसं, त्यामुळे नावाआधीचा हुद्दा बिनचूक हवा. बायकोला हे सगळं पाठ असायचं. एखाद्या घराची पत्रिका तिने एकदा केली, की चार वर्षांनी त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाची करताना चुलत्यांचा क्रम ती न विचारता लावायची.

तिचं मशीन जुनं होतं. सकाळी बटण दाबल्यावर कामाला लागायला त्याला साडेतीन मिनिटं लागत. मी मोबाइलवर मोजली होती. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचा हंगाम सुरू झाला आणि तिने मशीनला नवी डिस्क बसवून घ्यायचं ठरवलं. सांगलीत ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे तो तिच्या माहेरच्या गावचा, पलूसकडचा. तिला ताई म्हणतो, म्हणून मला दाजी. वयाने आमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तो म्हणाला, सिस्टीम नव्याने टाकण्यापेक्षा जुन्या डिस्कवर जे काही आहे ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवू. बायकोचं टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की ते पुन्हा मिळालं नसतं, त्यामुळे हे बरंच झालं. उतरवून झाल्यावर त्याने विचारलं, "जुनी डिस्क काढू का?" बायको म्हणाली, "असू दे आत. इतक्या वर्षांचं काम आहे तिच्यात. काय खायला मागतीय का?" त्याने जुनी डिस्क आतच ठेवली.

हे गुरुवारी झालं. मी साताऱ्यात होतो. रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन आला. "अहो, बटण दाबलं आणि पदर सावरेपर्यंत सुरू झालं. पंचवीस सेकंद. तुमच्यासाठी मुद्दाम मोजले."

शनिवारी मी घरी आलो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "या, बघा." मी मोबाइल हातात धरून उभा राहिलो. तिने बटण दाबलं. मिनिट गेलं, दोन गेली. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला सांगितलेलं पोर जसं मुकं होतं, तसं ते मशीन काळं तोंड करून बसलं होतं. साडेतीन मिनिटांनी सुरू झालं.

"कालपर्यंत असं नव्हतं," ती म्हणाली.

"पंचवीस सेकंद तू कशावर मोजलेस?"

"घड्याळावर. कशावर मोजणार?"

माझ्या मनात आलं की नव्या वस्तूचं कौतुक असतं, माणसाला थोडं जास्त वाटतं. सोमवारी दुकानदार येऊन गेला. संध्याकाळी तिने सांगितलं, "तो म्हणाला सेटिंग हललं होतं. केलं त्याने नीट. परत पंचवीस सेकंद."

सेटिंग हललं म्हणजे काय, हे मला कळेना. टेबल हलतं, दात हलतो. सेटिंग आपलं आपण कसं हलेल?

पुढचा रविवार पुन्हा साडेतीन मिनिटांचा. सोमवारी पुन्हा तो आला, पुन्हा पंचवीस सेकंद. शनिवारपर्यंत सगळं सुरळीत. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी त्याला फोन करून विचारलं, "नवी डिस्क बसवून मशीन आठवड्यातून एकदा जुनं होतं, हा काय प्रकार?"

तो म्हणाला, "दाजी, मलाबी कळंना झालंय. बोर्डावरचा सेटिंग सांभाळणारा सेल गेला असंल म्हनलं, पन सेल गेला असता तर रोज हललं असतं. हितं आठवडा टिकतंय. मशीनचं घड्याळबी बरोबर हाय. घरात कुनी सुरू करताना भलती कळ दाबतंय का, बघा जरा."

घरात आम्ही दोघंच. कळा दाबणारी तीच.

मशीन मंद होणं हे एक. पण त्याच हंगामात दुसरी एक गोष्ट सुरू झाली, आणि तिचा मशीनशी काही संबंध असेल असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

म्हसवडकडचं एक फौजी घर होतं. त्या घराच्या मुलाचं लग्न. पत्रिका तयार झाल्यावर मुलाला बढती मिळाली, हवालदाराचा नायब सुभेदार झाला. वडिलांनी बुधवारी फोन करून हुद्दा बदलायला सांगितलं. बायकोने बदलला. रविवारी छापखान्याची घाई होती म्हणून तिने फाइल उघडली आणि तशीच पाठवून दिली. पत्रिका छापून आल्या त्या 'हवालदार' असं लिहून.

वडील स्वतः आले. तोही एक रविवारच होता. बसा म्हटलं तरी दारातच उभे राहिले. चढ्या आवाजात बोलले असते तर परवडलं असतं.

"ताई, पोरगं पंधरा वर्सं बर्फात हाय. आता कुटं खांद्यावर स्टार चढला. भावकीत वाटायच्या पत्रिका ह्या. मी तुमास्नी सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "आणि मी केलंही होतं. थांबा, दाखवते."

तिने मशीन सुरू केलं. साडेतीन मिनिटं आम्ही तिघांनी वाट पाहिली. फाइल उघडली. हवालदार. तिने खाली-वर करून पाहिलं, दुसरी प्रत कुठे ठेवली आहे का शोधलं. कुठेच नायब सुभेदार नव्हता. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "माझ्या हातून राहिलं. परत छापून देते."

ते गेल्यावर भाजी निवडताना ती म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

तिच्या आईला शेवटची काही वर्षं कोण माणूस समोर आहे ते ओळखू येत नव्हतं. पण सुरुवात तशी झाली नव्हती. गाईला पाणी दाखवलं म्हणायची आणि दाखवलेलं नसायचं. विरजण लावलं म्हणायची आणि दूध तसंच. केलं म्हणून शपथेवर सांगायची. घरचे आधी हसत, मग चिडत, आणि मग कोणी काही म्हणेनासं झालं.

"तू दमली असशील," मी म्हणालो. "हंगाम आहे."

"मला ते बदललेलं डोळ्यासमोर दिसतंय. नायब सुभेदार हे शब्द त्या ओळीत बसत नव्हते, म्हणून मी अक्षर बारीक केलं. एवढं सगळं आठवतंय आणि केलेलंच नाही, हे कसं?"

माझ्या कामात एक सवय आहे. समोरचा काय सांगतो ते ऐकायचं, पण मानायचं ते कागदावर दिसतं ते. मी ठरवलं की दर रविवारी तिच्याबरोबर बसून आठवड्यातल्या दुरुस्त्या तपासायच्या. तिने सांगायचं, मी पडद्यावर पाहायचं.

पहिल्याच रविवारी तिने सांगितलेल्या दुरुस्त्यांपैकी एकही पडद्यावर नव्हती. एकही नाही. एखादी राहिली असती तर समजलं असतं. आम्ही सगळ्या पुन्हा केल्या. मी शेजारी बसून होतो, माझ्यासमोर केल्या. सोमवारी रात्री मी साताऱ्याहून विचारलं, "आहे ना सगळं?" ती म्हणाली, "आहे." तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी एसटीने दमलेलो, पुढे विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तेच. आठवडाभर केलेलं गायब, फक्त मागच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून केलेलं मात्र शाबूत. माझ्या समोर केलेलं राहतं आणि तिने एकटीने केलेलं राहत नाही. याचा अर्थ मी एकच लावू शकत होतो आणि तो मला लावायचा नव्हता. मी डॉक्टरांचा विषय काढला. ती म्हणाली, "हंगाम होऊ दे." नंतर मला कळलं की नवी कामं ती घेतच नव्हती. फोन आला की सांगायची, "या वर्षी जमणार नाही, दुसरीकडे बघा." कधीकाळी क्रम न विचारता लावणारी बाई आता तेच नाव तीनतीनदा वाचत होती.

एका शनिवारी काम उरकलं नाही म्हणून मी साताऱ्यातच राहिलो. रविवारी दुपारी फोन केला.

"मशीन कसं आहे?"

"चांगलं चाललंय."

"आज? रविवारी?"

"आजच. पंचवीस सेकंद. आणि आठवड्यातल्या सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी आहेत." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही नाही आलात, सगळं नीट आहे."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मी हसलो असतो. ती नुसती सांगत होती. मी खोलीवर बसून विचार केला. माझ्यासमोर तिच्यावर दडपण येत असेल, मी तपासायला बसतो म्हणून ती गडबडत असेल, असं धरलं तर दुरुस्त्यांचा उलगडा होत होता, जेमतेम. पण मशीनवर माझं कसलं दडपण? मी आलो की साडेतीन मिनिटं, नाही आलो की पंचवीस सेकंद. हे आकडे माझ्यासमोर होते. त्यांवर विश्वास ठेवणं शक्य नव्हतं आणि न ठेवायला काही कारण नव्हतं.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो की तिच्याशेजारी बसायचं नाही. रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. आतून तिचा आवाज आला, "झालं मंद." मी उठून बघितलंही नाही.

त्याच सकाळी दुकानदार आला. गावाकडून परतताना ओल्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला होता. ते ओट्यावर ठेवून म्हणाला, "काय दाजी, आला व्हय? मग मशीन लाजलंच असंल आज."

"लाजलंय," बायको म्हणाली. "नव्या नवरीसारखं."

"आवं, एवढी वर्सं झाली, आता कशाला लाजायचं त्यानं." तो हसत खुर्चीवर बसला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, मधेच काही कळा दाबून निळ्या पडद्यावर गेला. "हे बघा. परत हललं. मी सोमवारी करून जातो, हितं परत जुन्यावर येतंय."

"तू मशीनचं सोड रे," बायको म्हणाली. "मशीनचं सेटिंग तू नीट करशील. माझंच हलायला लागलंय."

आणि तिने त्याला सांगितलं. आजवर तिने हे माझ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. मशीन मंद होतं ही तक्रार त्याच्याकडे जायची, आणि दुरुस्त्या गायब होतात ही गोष्ट घरातच राहायची, कारण ती मशीनची नव्हतीच, तिची होती. फौजी घराची पत्रिका, मी तपासायला बसणं, सगळं सांगितलं. मग मला ठाऊक नसलेलं एक सांगितलं. आम्ही रविवारी मिळून केलेल्या दुरुस्त्या तिला सोमवारी सापडायच्या नाहीत. ती गुपचूप पुन्हा करायची आणि मला फोनवर 'आहे' म्हणायची.

"म्हणजे माझ्यासमोर केलेलंसुद्धा?" मी विचारलं.

"तुम्हाला काय सांगू? तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं माझ्याकडे दिसत नाही म्हणून? लगेच डॉक्टरकडे नेलं असतंत."

दुकानदार हसायचा थांबला होता. "ताई, ते फौजीचं कवा केलं हुतं? वार सांगा."

"बुधवारी."

"आन पाठवलं?"

"रविवारी."

तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "आवं ताई, तुमचं डोस्कं जाग्यावर हाय. तुमी दोन मशिनीवर काम करताय."

मला काहीच कळलं नाही. त्याने समजावलं ते असं. जुन्या डिस्कवरचं सगळं त्याने नवीवर उतरवलं, त्यामुळे दोन्ही डिस्कांवर एकच सिस्टीम, पडद्यावर एकच चित्र, त्याच फायली. एक सुरू असताना मशीन दुसरीला स्वतःच झोपवून ठेवतं, म्हणून ती दिसत नाही. सोमवारी तो सेटिंगमध्ये नवी पहिली लावून जायचा, म्हणजे मशीन तिच्यावरून सुरू व्हायचं आणि आठवडाभराचं काम नवीवर पडायचं. रविवारी मशीन जुनीवरून सुरू व्हायचं, आणि जुनीला बुधवारी काय झालं याचा पत्ता नसायचा. त्या दिवशी आम्ही केलेलं जुनीवर राहायचं. मंद का, तर ती जुनीच डिस्क होती.

"मग मला आधी का नाही बोललास, की दोन्ही एकसारख्या आहेत?" बायको म्हणाली.

"तुमी फायलींचं कुटं बोलला? मला वाटलं निस्तं हळू चालतंय."

"पण रविवारीच का?" मी विचारलं. मला तिथेच अडल्यासारखं झालं होतं.

"तेच तर. शनिवारी रातीला काय हुतंय ह्या घरात?"

"काय होणार?" बायको म्हणाली. "हे येतात, जेवतात, बातम्या बघतात, गॅस बंद केला का म्हणून मला दोनदा विचारतात, मेन पाडतात आणि झोपतात."

"मेन पाडतात?"

"इन्व्हर्टरसकट," ती म्हणाली. "थंडीत पंखाही लागत नाही, मग तर काय."

मला ते सांगावं लागलं. माझं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे नोकरीला होते. जमीन कधी हलेल याचा नेम नाही, म्हणून आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात झोपण्याआधी गॅस आणि मेन स्विच बंद व्हायचे आणि उशाशी बॅटरी असायची. मोठ्या माणसाने ते केल्याशिवाय कोणी अंथरुणावर पडत नसे. साताऱ्याच्या खोलीवरही मी हे करतो. सांगलीच्या घरात बायको एकटी असताना करत नाही, कारण मेन स्विच उंच आहे. ती मशीन बंद करून झोपते, भिंतीवरचं बटण चालूच राहतं. लाइट गेली तरी इन्व्हर्टर असतोच.

दुकानदार ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता. "म्हंजी सेलच. सेल मेलाय, पन मशीनला आठवडाभर करंट मिळतोय म्हनून सेटिंग टिकतंय. दाजी आले की सगळीकडनं करंट तोडतात. मशीन रातीत सगळं इसरतंय, आन सकाळी पयली दिसंल ती डिस्क धरतंय. घड्याळबी इसरत असणार, पन ते नेटवरनं लगीच भरून घेतंय. तिथंच मी फसलो."

"कोयनेचा भूकंप सांगलीत," बायको म्हणाली. ती हसली नाही, पण म्हणाली.

तो दुकान उघडून सेल घेऊन आला. रुपयाच्या नाण्याएवढा, हाताच्या घड्याळात असतो तसा. बदलला, नवी डिस्क पहिली लावली. मग झोपलेली जुनी डिस्क जागी केली, तेव्हा एकाच पडद्यावर दोन्हीकडच्या फायली दिसायला लागल्या. "आता बघा निवांत," म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

बायकोने सगळ्यात आधी फौजी घराची फाइल उघडली, नव्या डिस्कवरची. नायब सुभेदार होता. त्या ओळीचं अक्षर बाकीच्यांपेक्षा बारीक होतं. तिने बोट लावून मला दाखवलं.

मला वाटलं, संपलं. पण तिला सगळं बघायचं होतं. एक एक पत्रिका काढून ती सांगत गेली, हे मंगळवारी केलं, हे तुम्ही होतात तेव्हा, आणि मी दोन्ही डिस्कांवर शोधत गेलो. सगळं सापडत होतं, कधी इथे, कधी तिथे. मधे मी हरभरा सोलून तिच्यासमोर ठेवत होतो, तो तसाच पडून होता.

एका पत्रिकेपाशी ती थांबली. "हिच्यात मुलीच्या आत्याचं नाव घातलं होतं. शुक्रवारी. त्या घरच्या बाईंनी फोनवर सांगितलं, मी घातलं, मामांच्या वर."

नव्या डिस्कवर मामांच्या वर कोणी नव्हतं. जुन्या डिस्कवर पाहिलं. तिथेही नव्हतं. फाइल शेवटची कधी बदलली ते मी पाहिलं, दोन्हीकडे शुक्रवारच्या आधीचं होतं.

"सेव्ह करायचं राहिलं असेल," मी म्हणालो. "फोन आला असेल मधेच."

"असेल."

"कोणाचंही राहतं."

"हो."

तिसरी डिस्क नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. बाकी सगळं जमलं होतं, ही एक नोंद राहत होती. ऑफिसात मी एका नोंदीवरून अख्खा हिशेब परत पाठवतो. इथे तो कोणाला पाठवायचा आणि यावरून काय मानायचं, काही कळेना. शंभरातल्या एका गोष्टीला विसरणं म्हणतात, की नुसतं माणूस असणं म्हणतात, हे मी कुठे शिकलेलो नाही.

तिने खुर्ची पुढे ओढली. आत्याचं नाव टाइप केलं, मामांच्या वर बसवलं, दोन ओळींतलं अंतर सारखं केलं आणि सेव्हची कळ दाबली. मग फाइल बंद करून पुन्हा उघडली. नाव होतं.

"आत्ता केलं ना मी?" तिने विचारलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"केलंस. मी बघितलं."

"मग त्या बाईंना फोन लावा आणि सांगा, संध्याकाळी प्रूफ बघायला या. आणि तासगावचं एक काम मी नको म्हणून सांगितलंय, तो नंबरही शोधून द्या."

मी नंबर शोधायला उठलो. मागून माउसची टिकटिक ऐकू आली. तीच फाइल ती पुन्हा उघडत होती.